इंग्लंडच्या वाट्याची चड्डी

...आणि म्हणे, लायन्सचे दौरे बंद करा! अहो, असं कसं बंद करा? चार वर्षांतून एकदा येणारी गोष्ट ती, घराचा नळ आहे का, पिळला की बंद? तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. वेल्समधल्या या क्वमहेलिगच्या रग्बी क्लबात एक्केचाळीस वर्षं पोरांच्या जर्स्या धुतोय, मोजे रफू करतोय, विचारा कुणालाही, इडवलने कधी दोन वाक्यांच्या वर तिसरं उच्चारलंय का? पण हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं... आणि बोललं कोण? परका कुणी असता तर मी म्हटलं असतं, बोल बाबा, हवा फुकट आहे. पण बोलला माझा जावई! क्रिस्पिन! माझ्या एकुलत्या एका नॉनचा नवरा! आणि तो इंग्रज, हे वेगळं सांगायला नको.

आता माणूस वाईट नाही हो. पुलापलीकडे इंग्लंडात, ग्लॉस्टरच्या बाजूला, एका पैसेवाल्या क्लबात आहे, खेळाडूंची हाडं आणि स्नायू सांभाळतो. म्हणजे काय, तर खेळाडूच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, काडेपेटीएवढं एक यंत्र बसवतो आणि ते यंत्र सांगतं की हा आज किती धावला, किती आपटला, किती दमला. मी म्हटलं, दमला हे कळायला यंत्र कशाला, तोंडाकडे बघ की! तर म्हणतो, "बाबा, तोंड खोटं बोलतं, आकडा बोलत नाही." आणि मग लॅपटॉप उघडून मला रेघा दाखवल्या. लाल रेघ, निळी रेघ. "हे बघा, वर्षाला तीस सामने. पूर्वी तुमचा खेळाडू खाणीत काम करून शनिवारी खेळायचा. आता हाच त्याचा धंदा आहे. जुलैत त्याने पाय वर करून पडायला हवं, तर हे लायन्सवाले त्याला उचलून नेतात जगाच्या दुसऱ्या टोकाला! पगार आमचा क्लब देणार, आणि परत येताना तो गुडघा धरून येणार!"

खरं सांगू? पोरगा खोटं बोलत नव्हता. मोजे सांगतात मला. पूर्वी टाचेला भोक पडायचं, धावून धावून. आता घोट्यापाशी उसवतात, इतके ते एकमेकांवर आदळतात. मला कळतं ते. पण म्हणून काय, दौरे बंद करा?

अहो, लायन्स म्हणजे काय आहे, विचार करा! फेब्रुवारीत देशादेशांची स्पर्धा लागली की आम्ही चौघं, वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, एकमेकांच्या उरावर बसतो. माझा शेजारी मर्डो, निवृत्त पोलीस, स्कॉटलंडचा. त्याची बायको ब्रीद आयर्लंडची. त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरातून भांड्यांचे आवाज येतात, आणि ते स्वयंपाकाचे नसतात. आणि चौथ्या वर्षी? त्याच चार देशांतली पोरं, जी परवा एकमेकांचे कान चावत होती, ती एक संघ होऊन निघतात जगाच्या दुसऱ्या टोकाला, यंदा न्यूझीलंडला! आणि कपडे बघा कसे वाटून घेतलेत... जर्सी लाल, ती आमची. मोजे निळे, ते स्कॉटलंडचे. मोज्याचा वरचा काठ हिरवा, तो आयर्लंडचा. ब्रीद दर वेळी करवादते, "सगळ्यांना कापड आणि आम्हाला काठ! साडेतीन बोटं!" आणि इंग्लंडच्या वाट्याला काय? चड्डी! पांढरी चड्डी! मी जावयाला एकदा म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस हो. तर हा ताठ मानेने म्हणतो, "बाबा, जर्सी फाटली तरी माणूस खेळतो. चड्डी फाटली की सामना थांबतो." मर्डो तर हसून हसून खुर्चीतून खाली आला होता.

आणि असे दौरे म्हणे बंद करा!

आमच्या क्लबातला ग्लिन गेला होता दौऱ्यावर, जुन्या काळी, बोटीने, चार महिने. खाणीतून बिनपगारी सुट्टी घेऊन. खोलीत जोडीदार दिला चिठ्ठी टाकून, तो निघाला स्कॉटलंडच्या डोंगरातला मेंढपाळ. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळेना! महिनाभर खुणांनी साबण मागत होते. आणि ग्लिन वारला तेव्हा तोच मेंढपाळ, वय वर्षं ऐंशी, तीन गाड्या बदलून आला आणि शवपेटीला खांदा द्यायला पुढे उभा राहिला. आम्ही म्हटलं, आजोबा, तुम्ही बसा. ऐकेना. मी क्रिस्पिनला विचारलं, हे मोजतं का रे तुझं यंत्र? तो बिचारा प्रामाणिक, म्हणाला, "नाही बाबा, ते फक्त अंतर मोजतं."

तिथे थांबायला हवं होतं. पण मार्च महिना, त्याच शनिवारी इंग्लंडने आम्हाला घरात येऊन बडवलेलं, नॉन सात महिन्यांची पोटुशी समोर बसलेली, आणि हा माझ्याच टेबलावर, माझंच मटण चावत म्हणतो, "खरं सांगायचं तर बाबा, दौरे बंद झाले तर कुणाचं काही अडणार नाही." आणि मी, कमी बोलणारा माणूस, काय बोलून गेलो असेन? म्हटलं, "जावई नसले तरी कुणाचं काही अडत नाही."

संपलं! त्याने रुमाल घडी करून ठेवला, इतका नीट की मला त्याचीच लाज वाटली. नॉनने कोट उचलला. दारात म्हणाली, "बाबा, वर्षात तुम्ही चार वाक्यं बोलता, त्यातलं एक हे?" गेले. मे महिन्यात मुलगी झाली. माबली. माझी पहिली नात! आणि मला दिसली कुठे? फोनवर! बोटाने सरकवली की जाते, परत सरकवली की येते. नॉन म्हणाली, "तुम्ही दोघं एका सोफ्यावर बसाल, तेव्हा आणीन पोरीला." आता मी कसा बसणार? बसायला आधी बोलावं लागतं. आणि बोलायचं कसं, हे मला कधी कुणी शिकवलंच नाही हो... मला रफू येतो. विणायला येतं. मग विणायला बसलो.

छोटी जर्सी, लाल. छोटी चड्डी, पांढरी, शुभ्र, इंग्लंडचा मान ठेवून. छोटे निळे मोजे, त्यांना हिरवा काठ, तो मी मुद्दाम चार बोटं केला, ब्रीदसाठी. म्हटलं, हे बघितलं की त्याला कळेल.

आणि जूनमध्ये नॉनचा फोन. "बाबा, याच्या क्लबचा तो टोबी आहे ना, धिप्पाड, पुढच्या फळीतला? त्याला बदली खेळाडू म्हणून न्यूझीलंडला बोलावून घेतलंय. याने हिवाळाभर त्याचा खांदा दुरुस्त केलाय. आता घरभर फेऱ्या मारतोय. सामना बघायचाय, पण कबूल करत नाही. तुम्ही बोलवा." फोन त्याच्या हातात दिला. मी म्हटलं, "पहिली कसोटी शनिवारी सकाळी आठला आहे. अंडी आहेत." तो म्हणाला, "बरं."

तुम्हाला सांगतो, इतका आनंद झाला मला, इतका आनंद झाला की शुक्रवारी ते कपडे पिशवीतून काढले, त्यांना क्लबातल्या मलमाचा वास येत होता, म्हटलं धुऊन टाकू, आणि गाणं गुणगुणत ते सगळे... सगळे... एकत्र... गरम पाण्यात... मशीनमध्ये टाकले! मी! ज्याने धुण्याच्या खोलीत भिंतीवर हाताने लिहून ठेवलंय, "लाल एकटं धुवावं"! ज्याने एवढ्यासाठी कप्तानाला पोराबाळांदेखत झापलंय! झाकण उघडलं आणि इंग्लंड गुलाबी! फिकं नाही हो, चांगलं गालासारखं गुलाबी! आणि लोकर आटून सगळं निम्मं झालेलं. मर्डो दारात उभा. "इडवल, एक्केचाळीस वर्षं आम्हाला दम देत होतास!" मी म्हटलं, मर्डो, आता काय करू? म्हणे, "वेल्सने इंग्लंडला धुतलं, एवढंच सांग." मी त्याला हाकलून दिला. पुन्हा विणायला वेळ कुठे होता?

शनिवारी मर्डो आणि ब्रीद आधीच येऊन बसलेले, मग आले तिघं. नॉन, तो, आणि बोचक्यात माबली. मला हातात दिली. सव्वाचार किलो! पुडकं क्रिस्पिनच्या पुढे केलं. त्याने कागद काढला, जर्सी बघितली, मोजे बघितले, चड्डी उचलली, दोन बोटांत धरून. "बाबा... ही गुलाबी... मुद्दाम?"

माझ्या तोंडात शंभर शब्द आले आणि सगळे एकदम दारात अडकले. तेवढ्यात टीव्हीवर न्यूझीलंडवाले, सामन्याआधी नाचतात तसे, जीभ काढून नाचायला लागले, ब्रीद ओरडली, "बसा खाली, दिसत नाही!" आणि आम्ही बसलो. तो सोफ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मधे चड्डी.

पहिला अर्धा तास हा बोलतोय कसा, तर, "मी केवळ कामासाठी बघतोय." अंडी गार होतायत. "त्या सहा नंबरवर ताण फार पडतोय." बेकन गार होतोय. मग शेवटची दहा मिनिटं राहिली, आम्ही दोन गुणांनी मागे, आणि टोबी मैदानात! याचा चेहरा पांढराफटक. आणि त्यांच्या रेषेपासून पाच पावलांवर स्क्रम! आठ आमचे, आठ त्यांचे, डोक्याला डोकं भिडवून. टोबीच्या बगलेत आमच्या शेजारच्या खोऱ्यातला पोरगा, मागे एक स्कॉट, त्याच्यामागे आयरिश, सगळे एकमेकांची चड्डी धरून... हो, चड्डीच धरतात, तीच घट्ट असते! आणि माझा जावई उभा राहिला. "टोबी, खांदा सांभाळ! खांदा सांभाळ रे राजा... हळू... हळू..." मग सोफ्यावर चढला! "खांदा गेला खड्ड्यात, ढकल! ढकल त्यांना समुद्रात!"

गेले हो, गेले! ढकलत ढकलत रेषेपार, आणि सामना आमचा! मर्डोने ब्रीदचं चुंबन घेतलं, फेब्रुवारीनंतरचं पहिलं. क्रिस्पिनने मला उचललं, मला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, पाय जमिनीपासून वर! या सगळ्या आरडाओरड्यात माबलीने काय करायचं ते केलं, आणि नॉन ओरडली, "अरे, कपडे द्या कुणीतरी, बॅग गाडीत राहिली!" क्रिस्पिन वळला. सोफ्यावरून ती चड्डी उचलली. त्याने पोरीला पुसलं, लंगोट बांधला, आणि वर ती चढवली, हळूच, एक पाय, दुसरा पाय. मापात! आटल्यामुळे अगदी मापात! म्हणाला, "शेजारी शेजारी धुतलं की तुमचा लाल आम्हाला लागणारच, बाबा."

मग मीही बोललो. म्हटलं, "मार्चमध्ये बोललो ते... अडतं. जावई नसला तर अडतं." त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "दौऱ्याबद्दल मीही जरा जास्तच बोललो." मी म्हटलं, म्हणजे? म्हणाला, "राहू देत दौरे. पण दोन सामने कमी करता आले तर बघा." जसं काही माझ्या हातात आहे! आणि म्हणे, बंद करा...

पण खरी गंमत पुढेच आहे. गेल्या शनिवारी दुसरी कसोटी. चड्डी धुवायला टाकलेली, पोरगी पिवळ्या झबल्यात. हरलो! सपाटून हरलो! आता एकास एक, या शनिवारी शेवटची. आणि काल क्रिस्पिनचा फोन, आवाज दबका. "बाबा, हे शास्त्र नाही, मला माहीत आहे. पण पोरगी वाढली, चड्डी आता मांडीवर चढत नाही. धोका कशाला पत्करायचा? माझ्या मापाची एक... जमेल?"

तुम्हाला सांगतो, मघापासून तीच विणतोय. पांढरी विणायची, मग लालबरोबर गरम पाण्यात टाकून बिघडवायची, आणि बिघडली पाहिजे नेमकी तेवढीच. लोकर किती आटेल याच्या रेघा काढून पाठवल्यात त्याने, लाल रेघ, निळी रेघ, कंबर चोपन्न इंच विणा म्हणजे छत्तीस होईल. आणि खाली लिहिलंय, "बाबा, हे कुणाला सांगू नका."

आता तुम्हीही सांगू नका हो. काय करता, जावई आहे.