भागीरथीआक्कांचा गुडघा

मंडळी, एकच विचारतो — दुखणं मोठं, की ज्याला दुखतंय ते माणूस मोठं? ... माणूस! वा! कीर्तनात बसलं की सगळ्यांना बरोबर उत्तरं येतात. घरी गेल्यावर काय होतं, ते ऐका!

कृष्णाकाठचं एक गाव. — तुमचं नव्हे हो, पलीकडचं! म्हणजे हसायला तुम्ही मोकळे. तिथल्या भागीरथीआक्का. रामनवमीला दोरी धरून रामाचा पाळणा म्हणायचा मान त्यांचा. आवाज असा, की पुजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं — आणि पुजारी काही दक्षिणेशिवाय द्रवणारा नव्हे!

पुढं गुडघे धरले. सांधेवात! डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, व्यायाम करा, पण हे दुखणं आता सोबतीला. झालं! सगळे प्रेमळ — आणि प्रेमळ माणसांपासून देव वाचवो! मुलगा म्हणाला, "आई, तू उठू नकोस." सून म्हणाली, "भाजी मी निवडते, तुम्ही पडा." देवळातली मंडळी म्हणाली, "आक्कांना त्रास नको, पाळणा दुसरं कुणी म्हणेल." येणारा जाणारा दारातूनच विचारी, "गुडघा कसा आहे?" कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी तेल. अहो, गुडघा घरातला कर्ता पुरुष झाला! आणि आक्का? त्याला चिकटलेल्या!

आक्का बोलायच्या थांबल्या. भरलं ताट परत जायला लागलं. भिंतीकडं तोंड करून म्हणायच्या, "रामा, ने रे आता." यावर घरानं काय केलं? — आणखी एक तेल आणलं!

रामनवमी झाली. संध्याकाळी आली द्वारकाबाई. आक्कांची बालमैत्रीण, पाठीतून वाकलेली, जिभेनं सरळ. तिनं गुडघा विचारलाच नाही! टेकली आणि म्हणाली, "भागीरथे, आज पाळणा म्हटला का भांडण केलं, कळलं नाही बाई. दोन कडवी गाळली. बाळाचं नाव ठेवायच्या आधीच सुंठवडा वाटला!"

आक्का ताडकन उठून बसल्या. "नावाआधी सुंठवडा? आणि मला का नाही बोलावलं?"

"तुझा गुडघा दुखतो ना!"

"अगं, पाळणा काय गुडघ्यानं म्हणतात?"

"मग गप्प का पडलीस?"

आक्कांना हुंदका फुटला. "मला कुणी विचारतच नाही गं. मी मेले आणि गुडघा तेवढा उरलाय, असं वाटतं." द्वारकाबाईही रडली. मग दोघी भांडल्या — कुणाचं जास्त दुखतं यावरून! आणि भांडता भांडता हसल्या. सून दारात उभी. सासूचं हसणं ती विसरूनच गेली होती.

पुढच्या रामनवमीला पाळण्याशेजारी खुर्ची आली. आक्कांनी दोरी धरली, एक कडवं गाळलं नाही. गुडघा बरा झाला? नाही हो! चमत्कार ऐकायला आलात होय? गुडघा दुखतच होता. ताट मात्र परत गेलं नाही.

आता आपलाही पाळणा सजलाय. घटकाभरात जन्म व्हायचा. तुमच्या गावात वर्षानुवर्षं पाळणा कोण म्हणायचं हो? — का? खाली का बघता? "त्रास नको" म्हणून घरी निजवून आलात ना? उठा, खुर्ची न्या, आणि घेऊन या तिला! उशीर होईल? होऊ दे! पुढं चौदा वर्षं वनात काढणारा देव तो, एका म्हातारीसाठी खुशाल थांबेल. थांबायचं जमत नाही, ते तुम्हालाच!