कड्या जागेवर येईपर्यंत

गुंडाप्पामामा : हात काढ तिथनं. इंजिनाच्या साखळीला हात लावू नको म्हणलं ना.

मंजुषा : लावत नाहीये, मामा. नुसती बघतेय. ही नवीच आहे ना?

मामा : नवीच दिसायली.

मंजुषा : दिसायली म्हणजे?

मामा : अगं, दाजींनी सगळ्याला तेल लावून ठिवलंय. तेलात नवी-जुनी सारखीच.

मंजुषा : त्या खिळ्याला एक टांगलीय बघा. आणि नवीचं खोकं रिकामं आहे.

मामा : मग टांगलेली ती जुनी. आता थांब. का टांगलेली ती नवी, अन् घालायची ऱ्हायली?

मंजुषा : आडवी धरा ना हातात. वाकते का?

मामा : वाकतीया. मेलेल्या सापावानी लोंबायली. झिजलीय ही. म्हंजे इंजिनात बसलीय तीच नवी. चला, एवढं तरी कळलं.

अव्वा : सकाळधरनं एवढंच कळलं व्हय? सोलापूरचा भंगारवाला दुपारून टेम्पो घेऊन येतो म्हणलाय. त्याच्या आत काय ते उरका.

मंजुषा : अव्वा, त्याला आज कशाला बोलावलंस? मी रजा काढून आलेय ना. अप्पांनी जायच्या आधी साखळी बसवत आणली होती. कव्हर लावायचं, तेल भरायचं, आपली गाडी चालू.

अव्वा : तू पुण्याला जाशील दोन दिसांनी. मला रोज भांडी घासताना हे पोट फाडल्यागत इंजिन तोंडासमोर. महिना झाला, त्याच्यावर जुनी साडी टाकून दिवस काढायले मी.

मामा : अक्का, दम धर जरा. मंजू, तुझ्या त्या मोबाइलात काय सांगितलंय ते परत सांग. मी ट्रॅक्टरचा मिस्त्री, ट्रॅक्टरला साखळी नसती. तिथं गिअरला गिअर. मला हे नवीन हाय.

अव्वा : अन् हल्ली तर तू नुस्ती मळणीयंत्रं बघतोस. तरी निघाला गाडी जोडायला.

मामा : तुझ्या नवऱ्याच्याच हाताखाली शिकलोय मी, अक्का. हायवेच्या गॅरेजात पाने धुतलेत.

अव्वा : धुतलेत. वापरलेत कुठं?

मंजुषा : ऐका ना, मामा. खाली एक चाक आहे, वर दोन. तिन्हींवर एकेक टिंब आहे. साखळीत तीन कड्या तांबूस रंगाच्या. साखळी बसवताना प्रत्येक टिंबासमोर एक तांबूस कडी आली पाहिजे. मग वॉल, म्हणजे इंजिनाच्या झडपा, आणि पिस्टन यांचा मेळ बसतो.

मामा : अन् न्हाय बसला तर पिस्टन वर येतो, वॉलवर आदळतो, इंजिनाचं मातेरं. ते ठावं हाय मला. आता बघ, कड्या टिंबाला हायेत का?

मंजुषा : नाहीत.

मामा : एक तरी?

मंजुषा : एकही नाही. एक तर पार दुसऱ्या बाजूला गेलीय.

मामा : मग झालं की. दाजी चुकले.

मंजुषा : अप्पा चुकतील? साखळी बसवण्यात?

मामा : मंजू, राग धरू नको. दाजींसारखा मिस्त्री नळदुर्गात झाला न्हाय. पण शेवटी शेवटी त्यांचं ध्यान ऱ्हायलं नव्हतं. मागच्या दिवाळीला स्टँडवर मला गाठलं अन् म्हणले, पाव्हणं, शिवशरण मिस्त्रीचं घर कुठं आलं? आपलंच घर मला इचारायले.

मंजुषा : थट्टा केली असेल. अप्पा थट्टेखोरच होते.

मामा : मी बी तसंच समजून हसलो. ते हसले न्हाईत. वाट बघत उभे ऱ्हायले.

मंजुषा : दर रविवारी माझ्याशी फोनवर बोलायचे, मामा. मंजू, कॉलेज कसं चाललंय, पेपर तपासून झाले का, सगळं विचारायचे. ज्या माणसाचं डोकं गेलंय, तो असं बोलेल का?

मामा : अक्का, तू काय तरी बोल की.

अव्वा : मी काय बोलू? मला टेम्पोची वाट बघायचीय.

मामा : हे बघ पोरी, दोन घंट्याचं काम हाय. साखळी ताणून धरणारा हा टेन्शनर सैल करतो, साखळी उतरवतो, कड्या टिंबाला लावून परत चढवतो. मग दाजी बरोबर होते का चूक, कशाला पायजे ते?

मंजुषा : नको.

मामा : का नको?

मंजुषा : ही त्यांनी बसवलेली शेवटची वस्तू आहे.

मामा : म्हणून चुकीची ठिवायची? ती काय समाधी हाय?

मंजुषा : चुकीची असेल तर काढा. मी नाही म्हणणार नाही. पण आधी मला कळू दे, चुकीची आहे का ते. एकदा तुम्ही उतरवलीत की कधीच कळणार नाही.

अव्वा : कळून काय करणार हाईस तू?

मंजुषा : माहीत नाही. पण त्यांना भान नव्हतं असं सगळे म्हणतायत. दहा दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणून गेला. सुटले बिचारे म्हणाले. मला वाटतं, होतं भान. हे एवढं एक बघायचंय मला.

मामा : बरं. बघू. कसं बघायचं?

मंजुषा : मघापासून एक गोष्ट मला कळत नाहीये. वरच्या दोन चाकांची टिंबं एकमेकांसमोर आहेत. खालच्याचं बरोबर वर आहे. म्हणजे चाकं जिथं असायला हवीत तिथंच आहेत. फक्त कड्या नाहीत.

मामा : चाकं बरोबर अन् साखळी चूक? हे कसं काय?

मंजुषा : तेच तर.

मामा : माझं तर डोकंच चालंना. आधी वाटलं काय न्हाय झालं, मग वाटलं चुकलं, आता म्हणायलीस निम्मं बरोबर.

अव्वा : म्हणूनच म्हणले, जाऊ द्या भंगारात.

मंजुषा : अव्वा, अप्पा गेले तेव्हा पाना कुठं होता?

अव्वा : कुठला?

मंजुषा : हाच, लांब दांड्याचा.

अव्वा : तिथंच. त्या खालच्या बोल्टाला लावलेला. मैतीची गर्दी झाली, कुणाच्या नडगीला लागंल म्हणून मीच काढून ठिवला.

मंजुषा : लावलेला होता? म्हणजे ते इंजिन फिरवत होते?

अव्वा : दुपारभर तेच चाललं होतं. पाना गोल फिरवायचे, थांबायचे, वाकून बघायचे, परत फिरवायचे. जेवायला चला म्हणलं तर आले न्हाईत. मग तिथंच भिंतीला टेकून बसले. मला वाटलं दमले.

मामा : बघ, मंजू. सांगत न्हवतो? भान असलेला माणूस दुपारभर गोल गोल कशाला फिरवंल?

मंजुषा : तपासायला. मामा, थांबा. कळलं बहुतेक. साखळी चाकापेक्षा लांब आहे ना?

मामा : हाय की. तिन्ही चाकांना वेढा मारून आलीय.

मंजुषा : मग चाक आपला फेरा संपवून जागेवर येतं, तेव्हा साखळीचा फेरा संपलेला नसतो. टिंबं जागेवर आणि कड्या पुढं निघून गेलेल्या. बसवताना जुळवलेल्या असल्या तरी फिरवल्यावर चुकीच्या दिसणार.

मामा : असं असतंय व्हय?

मंजुषा : असावं. मला खात्री नाही.

मामा : अन् मग त्या कड्या परत कधी येत्यात टिंबासमोर?

मंजुषा : फिरवत राहिलं तर कधीतरी येतील. तिन्ही एकदम. बसवताना बरोबर असतील तरच.

मामा : अन् चूक असतील तर?

मंजुषा : तर कधीच नाही. जन्मभर फिरवलं तरी.

मामा : वॉल पिस्टनला भिडला म्हंजे?

मंजुषा : हातानं फिरवताना कळेल. अडल्यासारखं वाटलं की सोडून द्यायचं. प्लग त्यांनी काढूनच ठेवलेत, हलकं जाईल.

अव्वा : गुंडू, तू तिच्या नादी लागू नको. नका फिरवू.

मंजुषा : का, अव्वा?

अव्वा : काय निघंल त्यातनं? चूक निघाली तर तू रडशील.

मंजुषा : आणि बरोबर निघाली तर?

अव्वा : फिरवा. काय करायचं ते करा.

(मामा पाना लावतात. दोघं आळीपाळीनं इंजिन फिरवू लागतात. अव्वा ओट्यावरून उठून शेडच्या दाराशी येते.)

मामा : आडकत तर न्हाय कुठं. मऊ चाललंय. टिंबं आली बघ वर.

मंजुषा : टिंबं आली. कड्या नाहीत. फिरवा.

मामा : आता?

मंजुषा : नाहीत. वरची कुठं गेली तेच दिसत नाही. हां, खालून येतेय.

मामा : दाजी एकटेच हे करत बसले हुते. मला फोन केला असता तर आलो असतो की.

अव्वा : फोन कुणाला करायचा ते आठवायला नको?

मंजुषा : अव्वा, असं बोलू नकोस ना. माझ्याशी बोलायचे ते.

अव्वा : बोलायचे. आता सांगतेच तुला. फोन वाजला की मी आधी त्यांच्या जवळ जाऊन बसायची. सांगायची, मंजू हाय. पोरगी तुमची. पुण्याला कॉलेजात शिकवती. पेपर झाले का म्हणून विचारा. मग फोन हातात द्यायची.

मंजुषा : दर वेळी?

अव्वा : उन्हाळ्यापासनं दर वेळी. सांगितलं की तोंड उजळायचं त्यांचं, ते खोटं न्हवतं. पण सांगावं लागायचं.

मंजुषा : मला का नाही कळवलंस?

अव्वा : तू पळत आली असतीस. मग तुझ्यासमोर तुझं नाव त्यांना कसं सांगायचं?

मामा : मंजू, ऱ्हाऊ दे आता. हात भरून आलेत माझे.

मंजुषा : द्या इकडं पाना.

मामा : अगं, तुला जमंना झालंय. दमानं. दोन्ही हातानं धर.

मंजुषा : जमतंय. तुम्ही कड्या बघा.

मामा : न्हाय. न्हाय अजून. टिंबं आली, कड्या न्हाईत. कितव्यांदा ते मला इचारू नको. हां, थांब. थांब थांब. आल्या वाटतं.

मंजुषा : तिन्ही?

मामा : वरच्या दोन आल्यात जवळ. खालची बी. पण समोरासमोर न्हाईत. एका दातानं हुकल्यात. हेच म्हणत होतो मी. एक दात चुकला दाजींचा.

मंजुषा : बघू. तिन्ही एकेकच दात मागं आहेत का?

मामा : तिन्ही. एकेकच.

अव्वा : एवढं जवळ येऊन चुकलं?

मंजुषा : चुकले असते तर एखादी मागं, एखादी पुढं असती ना? तिन्ही सारख्याच मागं कशा राहतील? मला वाटतं, अजून फिरवायला हवं.

मामा : वाटतं, वाटतं. खात्री कशाचीच न्हाय तुझी.

मंजुषा : नाहीच आहे. तुमची आहे?

मामा : माझी बी न्हाय. सरक, दे मला. आता हात लागलाच हाय तर फिरवू. चहा ठिव की, अक्का.

अव्वा : नंतर. मी बघते हितं उभी.

मामा : टेम्पोवाला आला तर?

अव्वा : उभा ऱ्हाईल बाहेर. पाव्हणा हाय का तो.

मंजुषा : वरची डावी येतेय. फिरवा. हळू. अजून. आता अगदी सावकाश, मामा. थांबा.

मामा : काय झालं?

मंजुषा : डावी टिंबासमोर आहे. उजवी पण. खालची मला इथून दिसत नाही. तुम्ही वाकून बघा.

मामा : बघतो. बॅटरी धर. जरा खाली. ह्या बाजूला.

मंजुषा : मामा, दिसतेय का?

मामा : बरोबर समोर हाय. टिंबावर कडी. सुताचा बी फरक न्हाय.

मंजुषा : नीट बघितलं?

मामा : तूच बघ. माझ्या डोळ्याला पाणी आलंय, तेलाच्या वासानं.

मंजुषा : तिन्ही आहेत. अव्वा, तिन्ही जुळल्या. ते खरंच तपासत होते. फिरवून, थांबून, वाकून बघत होते, तू म्हणालीस तसं. अप्पांना सगळं आठवत होतं त्या दिवशी.

मामा : मानलं, दाजी. अक्का, ऐकलंस? एक दात बी चुकले न्हाईत.

मंजुषा : अव्वा, रडतेयस का?

अव्वा : न्हाय. त्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले हितं. त्यांनी वर बघितलं, अन् लगबगीनं खुर्ची पुसून दिली मला. म्हणले, बसा बाई. सांजच्याला घेऊन जावा गाडी. मालकांना सांगा, साखळी नवी टाकलीय, आता काळजी न्हाय.

मामा : तुला म्हणले?

अव्वा : मला. दुसरं कोण होतं?

मंजुषा : मग तू काय म्हणालीस?

अव्वा : काय म्हणणार? सांगते म्हणलं मालकांना. बसले तशीच खुर्चीवर. त्यांनी अर्धा कप चहा मलाच पुढं केला. गॅरेजात कोण येईल त्याला द्यायचे तसा.

मंजुषा : अव्वा, मला वाटलं होतं…

अव्वा : तुझं खरं निघालं, मंजू. माझं बी खोटं न्हवतं.

मामा : बाहेर हॉर्न वाजायलाय. टेम्पो आला बघ. काय सांगू त्याला?

अव्वा : माघारी जा म्हण.

मामा : अन् गाडी? लावू कव्हर? परत एकदा खात्री करून घेऊ का सगळ्याची, चालू करायच्या आधी?

अव्वा : कशाला? लाव कव्हर. गिऱ्हाइकाच्या कामात त्यांनी कधी हयगय केली न्हाय.