सरावाचा म्हातारा

...आणि परत तोच पट्टा दंडाला! अहो, सकाळी एकीनं फुस्स-फुस्स करून बघितलं, चहानंतर दुसरीनं बघितलं, आता तिसरी उभी, "आजोबा, बाही वर करा." म्हटलं, बाई, मघाशी होतं तेवढंच आहे ते, मधल्या वेळात मी कुठं डोंगर चढून आलोय? मला काय झालंय? काहीही झालेलं नाही!

तुम्हाला सांगतो, मी येसाजी, राहणार तळ्याच्या पलीकडच्या वाडीत. रोह्याला कंपनीत नोकरी केली, रिटायर झालो, भात लावतो, दोन वेळा जेवतो, झोपतो. एवढंच माझं म्हणणं. पण ऐकतंय कोण? आमच्या वाडीत पोरंच उरली नाहीत. कोण पनवेलला, कोण उरणला, आमचा मुलगा स्वप्निल न्हावा शेव्याला पोर्टावर. घरं गणपतीत उघडतात आणि गौरी गेल्या की परत कुलूप. शाळासुद्धा बंद पडली, शिकायला कोणी नाही म्हणून. मग त्या रिकाम्या शाळेत आलं विद्यापीठ! आता विद्यापीठ म्हणजे काय, एक सुचिता मॅडम, दोन खाटा आणि एक फळा. पण पाटी केवढी! कोर्स कसला, तर म्हाताऱ्या माणसांची सेवा कशी करायची त्याचा. शिकायला आसपासच्या गावांतल्या पोरी. मॅडमनी आम्हाला बोलावून समजावलं, की गावं म्हातारी होतायत, तरुण बाहेर जातायत, विद्यापीठानं नुसतं शहरात बसून चालणार नाही वगैरे. आम्ही माना डोलावल्या. मान डोलावणं हीच चूक झाली बघा.

कारण सरावासाठी पुतळा यायचा होता, तो आला नाही. मग जिवंत माणूस हवा. तोही धडधाकट हवा, कारण खऱ्या आजारी माणसाला उलटंपालटं केलं तर त्याला त्रास होतो. आणि मला होत नाही का? पण माझं घर शाळेला लागून, आणि आमची ठमाबाई दारातनंच म्हणाली, "ह्यांना न्या, हे रिकामेच हायत."

झालं! आठवडाभर मला कुशीवर वळवतायत. मला खाटेवरनं खुर्चीत, खुर्चीतनं खाटेवर. पेज चमच्यानं भरवतायत, हळू हळू, आणि मला तर भूक लागलेली, म्हटलं वाटी दे इकडे, तर त्या पोरींतली एक, क्रांती, म्हणते, "आजोबा, तुम्हाला हात उचलता येत नाही असं आपलं ठरलंय ना?" कोणी ठरवलं? मला काय झालंय? काहीही झालेलं नाही! आणि ठमाबाई दारात बसून बघायची, वाल सोलत. तिला एवढी मजा लग्नानंतर पहिल्यांदाच आली असेल.

त्यातली शिवानी, ती अंबाजीची पोर, आमच्या वाडीत उरलेली तेवढी एकच. बोलायला कमी, पण नजर अशी की आपल्या मागं कोण उभं आहे तेही तिला दिसावं. तर त्या दिवशी काय झालं... मी खाटेवर, पायाला बँडेज बांधायचा सराव चाललेला. सगळ्याजणी माझ्या पायावर वाकलेल्या. मी नेहमीप्रमाणे कुरकुरतोय. ठमाबाई चहा घेऊन आली आणि कप तिच्या हातातनं सुटला. मी म्हटलं, झालं, पाडलास? तर ती काहीतरी बोलली, पण शब्द असे... भिजल्यासारखे. मला वाटलं, हसतेय माझ्यावर.

शिवानीनं बँडेज तिथंच टाकलं. गेली तिच्यासमोर आणि म्हणाली, "आजी, हसा बघू जरा."

ठमाबाई हसली. अर्धीच.

"दोन्ही हात वर करा."

डावा वर गेला. उजवा गेलाच नाही.

मी पायाचं बँडेज फरफटत उठलो. सांगतो तुम्हाला, एवढे दिवस सगळं विद्यापीठ माझी नाडी धरून बसलं होतं आणि मला काही झालेलंच नव्हतं हो. तिला झालं होतं.

शिवानीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती यायला वेळ म्हटल्यावर वाटेवरचा टेम्पो थांबवला. पाणी पाजू नका म्हणाली, मी पाजायलाच निघालो होतो. माणगावला नेलं, तिथनं पनवेलला. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका, पण वेळेत आणलंत. स्वप्निल पोर्टावरनं तसाच आला, अंगात ते कामावरचं चमकणारं जाकीट, आईच्या पायाशी उभा राहिला. मग रजा नाही म्हणून परत गेला. त्याला तरी काय बोलणार?

घरी आलो. जीव वाचला, बोलणंही हळूहळू आलं, उजवा हात मात्र रुसलेला. शिवानी रोज यायची. ओलं फडकं पिळायला लावायची, वालाचा एकेक दाणा त्याच हातानं उचलायला लावायची. ठमाबाई शिव्या द्यायची, पण दाणा उचलायची. मी आपला बाजूला बसून ऐकायचो... माझ्याकडे बघायला आता कोणाला वेळ होता?

मग कोर्स संपला. आणि संपल्या संपल्या सगळ्या पोरींना नोकऱ्या! कुठं? खारघर, नेरूळ, सीवूड्स. तिकडेही म्हातारे आहेत म्हणे, त्यांची पोरं अमेरिकेत. शिवानी आदल्या संध्याकाळी आली, ओट्यावर बसली. अंबाजीची ना नव्हती, तिचाच पाय निघत नव्हता.

"आजोबा, राहू का मी? आजीचं तुम्हाला एकट्याला जमेल?"

आता खरं सांगू? राहा म्हणायला जीभ अशी टोकावर आली होती. पण पोरीचं वय काय, वाडीत तिला पगार कोण देणार? मी म्हटलं, "मला काय झालंय? काहीही झालेलं नाही. जा तू."

गेली.

पण मागाहून सर्टिफिकेटं वाटली त्या कार्यक्रमात मला राहवलं नाही. उभा राहिलो. म्हटलं, मॅडम, पोरी शिकल्या आमच्या अंगावर आणि सांभाळणार दुसऱ्यांना. मग आमचं विद्यापीठानं काय ठरवलंय?

मॅडमनी हातातली उरलेली सर्टिफिकेटं टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "काका, इथं त्यांना पगार देणं माझ्या हातात नाही, मी वर मागून थकले. शिकवणं तेवढं हातात आहे. वयाची अट नाही. तुम्ही येता?"

लोक हसले. मीही हसलो. आणि पुढच्या सोमवारी जाऊन बसलो, काय करता? हात तर ठमाबाईचा उचलायचाच होता कोणीतरी. नव्या पोरी मला "आजोबा, तुम्ही पुढं बसा" म्हणतात. आणि आता तो पुतळा आला बरं का! रबराचा. कितीही वळवा, हूं नाही की चूं नाही. त्याला बघून माझंच अंग दुखतं. पण शिकलो. कूस बदलायला शिकलो, आधार द्यायला शिकलो, बायकोची वेणी घालायलासुद्धा शिकलो, ती कोर्सात नव्हती. पास झालो!

आणि परवा खारघरहून फोन. एका घरी वडिलांना सांभाळायला पुरुष माणूस हवाय, मागणी फार आहे म्हणे. मी म्हटलं, अहो, माझं वय सत्तर. तर ती बाई म्हणते, "छानच की, आमच्या बाबांना बोलायला कोणीतरी त्यांच्या वयाचं होईल."

फोन ठेवला, ठमाबाईला सांगितलं. वाटलं, हसेल. ती वालाचे दाणे उचलत राहिली. मग म्हणाली,

"खारघर... तिथनं स्वप्निल जवळ पडतो. तुमची तरी त्याच्याशी भेट होईल."

ह्याच्यावर काय बोलायचं, ते काही मॅडमनी शिकवलेलं नाही हो. म्हटलं, आण तो हात इकडे, व्यायामाची वेळ झाली.