हिम्मतरावांची बोगी

अहो, एकच अक्षर चुकलं, पण केवढा घोटाळा!... तुम्हाला सांगतो, आमचे अंबरपेठचे हिम्मतराव, छत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर, डब्यांखाली उताणं पडून उमर गेली, आणि कुणी 'कोणत्या बोगीत बसलात?' म्हटलं की यांचं डोकं सणकलंच! 'डबा वर, बोगी खाली! बोगी म्हणजे खालची चाकांची चौकट, तिच्यात बसता काय?' पण ऐकतंय कोण?

तर रिटायर झाल्यावर हिमायतनगरच्या मराठी मंडळातून इंदुताईंचा फोन, 'बोगी या शब्दावर बोला.' जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं हो! आठ पानं टिपणं काढली, शर्टाला कडक इस्त्री... आणि जाऊन बघतात तर हॉलभर बायका, बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याच्या वाट्या! इंदुताईंनी व्हॉट्सॲपवर टाकलं होतं, 'भोगी : अर्थ आणि उगम'! संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी! अन् फोनवर यांनी ऐकली बोगी!

कुसुमताई, म्हणजे यांची बायको, कानात पुटपुटल्या, 'घरी चला, नक्को हसू करून घेऊ.' पण माणूस उठला! भाकरीचा लांबट डबा उचलला, खाली दोन रिकाम्या वाट्या पालथ्या ठेवल्या. 'डबा वर, बोगी खाली! रूळ वळला की डबा वाकतो काय? नाही! बोगी आपल्या जागी फिरते, म्हणून तर तुमचा चहा सांडत नाही!' आणि एकेक वाटी अशी अलगद फिरवली, की वरचा डबा हललासुद्धा नाही!

'उत्तर इंग्लंडात ओझी वाहायला ठेंगणी गाडी असायची, तिला म्हणायचे बोगी. का म्हणायचे? कुणालाच ठाऊक नाही! कुणी म्हणतं, भुतावरून, इंग्रजीत बोगी म्हणजे भूतही.'

'अगं बाई!' कुसुमताई मोठ्यानं, 'छत्तीस वर्षं भुताखाली झोपत होते?'

हशा! टाळ्या! मागच्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहून बघतायत! आणि हिम्मतराव? डोळे पुसत होते हो... चष्म्याचं निमित्त करून.

'प्रश्न विचारा,' म्हणाले, अगदी ऐटीत.

ऐंशीच्या एक मावशी उठल्या. 'फार छान सांगितलंत हो भाऊ. पण भोगीच्या भाजीत तीळ भाजून घालायचे, का कच्चे?'

हिम्मतरावांनी आठही पानांची घडी केली, खिशात घातली.

'भाजून घाला, मावशी,' म्हणाले. 'भाजूनच.'