भिंतीवरचा लाल बाण

ऐका गं, डोंबिवलीच्या खाडीकाठी राहायची एक म्हातारी, होडीवर मासे धरणारा तिचा लेक रामा नि सून चंद्री. म्हातारी म्हणजे मीच.

एकदा विकास प्राधिकरणाची दोन माणसं आली, फीत धरून मोजलं नि आमच्या भिंतीवर लाल बाण काढून गेली. मला वाचता येत नाही, पण शीळफाट्याकडं माझ्या बहिणीच्या भिंतीवर अशीच लाल खूण झालेली, नि महिन्याभरात तिचं घर रस्त्यात गेलं. चुना कालवला नि बाण पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत काढला. मी परत चुना फासला.

तिसऱ्या दिवशी मोठा साहेबच आला, बाण परत काढायला लावला नि विचारलं, "बाण कोण पुसतंय?"

चंद्री माझा पदर धरून कुजबुजली, "आये, बोलू नको. आत्ताच पाडतील."

मी पदर सोडवून घेतला. म्हटलं, "मीच पुसला, साहेब. मला न्या कुठं न्यायचं तिथं, पण घर ठेवा."

साहेबानं भिंतीकडं बोट केलं. "अहो आजी, बाणाचं टोक बघा तरी! खाडीकडं आहे. तुमच्या होड्यांना धक्का बांधायचाय. पालिकेला एकटीला झेपेना, म्हणून आम्ही आलो. तुमच्या चुन्यानं काम अडलंय."

आता रामाची होडी धक्क्याला लागते. चंद्रीला मासळीची टोपली घेऊन गुडघाभर चिखल तुडवावा लागत नाही. आणि नारळी पुनवेला होडी रंगवून उरलेला लाल रंग मी स्वतः त्या बाणाला लावते.