महादेवरावांच्या बांधावरून

(तिवशाबाहेरचं एक शेत. जानेवारी १९३५, शुक्रवार.)

मोरोपंत : सात वाजून दहा मिनिटं. कॅमेऱ्याचा नवा स्टँड पडला.

खुशालराव : पडला ते दिसूनच राह्यलं, मास्तर. वहीत कायले लिवता?

मोरोपंत : उद्या कोणी विचारलं तर आठवून सांगावं लागू नये म्हणून. मागचा पाय भेगेत गेला, वीतभर. मग दगडासकट सगळा आडवा झाला.

खुशालराव : तुमी कॅमेऱ्याच्या जागी गोटा बांधला तवा मी मनात हासलो. म्हटलं, ड्रॉइंग मास्तर गोट्याचा फोटो काहाडते का काय.

मोरोपंत : कॅमेऱ्याच्या वजनाचा दगड आहे तो. अमरावतीहून आणलाय.

खुशालराव : दगड अमरावतीहून? आमच्या वावरात गोटे कमी पडले?

मोरोपंत : तोललेले नाहीत.

खुशालराव : बरं बाप्पा. पन स्टँड मस्त होता. चांदीवानी चमके.

मोरोपंत : चांगलाच आहे. अकोल्याचा माझा मित्र रविकांत, त्याचा. तो स्टुडिओत वापरतो, फरशीवर. नळीत नळी सरकते, पाहिजे तेवढा उंच होतो, काखेत मारून कुठेही नेता येतो. डोकं गोळीचं आहे. एक स्क्रू सैल केला की कॅमेरा वर, खाली, बाजूला, हवा तसा फिरतो.

खुशालराव : मंग अजून काय पायजे?

मोरोपंत : तो स्क्रू कितीही आवळला तरी माझा कॅमेरा मान टाकतो. काल घरी मोजलं. मिनिटभरात सूतभर. ते डोकं हलक्या कॅमेऱ्यासाठी आहे.

खुशालराव : म्हंजे कॅमेरा हलका पायजे, जमीन फरशीची पायजे अन् वारा घरात बसला पायजे. काहून आनला मंग?

मोरोपंत : उंच होतो म्हणून. नानांचा लाकडी साडेचार फुटांच्या वर जात नाही.

खुशालराव : तो लावून पाहा ना. तुमच्या बापानं याच बांधावरून फोटो काहाडला तं त्याच्यावरच काहाडला असन.

मोरोपंत : मलाही तसंच वाटत आलं. धरा जरा. सागवान आहे, खाली लोखंडी टोकं. टोक ढेकळात पुरतं दाबायचं, भेग टाळून. आता हलवून बघा.

खुशालराव : हलत नाई. अजून जोर लावू?

मोरोपंत : नको, पुरे. आणि हे डोकं. पितळेची सपाट तबकडी, पुढे नि मागे एवढंच झुकतं. बाजूचा तिरपेपणा पाय खालीवर करून काढावा लागतो. वेळ खातं, पण एकदा आवळलं की तसंच राहतं.

खुशालराव : मंग ठरलं तं. हाच.

मोरोपंत : या, इथून बघा. टेकाडामागच्या देवळाचा कळस दिसतो?

खुशालराव : ...नाई. टेकाडाची पाठ दिसते.

मोरोपंत : ताठ उभे राहून?

खुशालराव : तरी नाई. कालपासून दहादा पाह्यलं मी. टाचा वर करून पाह्यलं.

मोरोपंत : वाचनालयाच्या समितीतल्या भगवंतराव वकिलांनाही दिसला नाही.

खुशालराव : त्याइचं नाव नका घेऊ. माया घरी हुरडा खाल्ला, अन् माया बांधावर उभं राहून मले म्हनते, खुशालराव, टेकाड काई वाढत नाई, फोटोवाला खोटा असन नाई तं तुमी.

मोरोपंत : त्याच आठवड्यात वाचनालयाच्या भिंतीवरून नानांनी काढलेलं छायाचित्र उतरलं. बावीस वर्षं होतं तिथे. खाली नानांच्या अक्षरात, तुमच्या वडिलांच्या नावानं ओळ आहे, ‘महादेवरावांच्या बांधावरून दिसणारे देऊळ’. समिती म्हणते, दुसरीकडून काढलं आणि इथलं म्हणून दिलं. रविवारी चार वाजता बैठक आहे. याच जागेवरून तसाच फोटो दाखवला तर चित्र परत लागेल. नाही तर घरी न्या म्हणाले.

खुशालराव : घरी लावा मंग. तुमचा बाप, तुमची भित.

मोरोपंत : नानांनी आयुष्यभर शाळेची, लग्नाची चित्रं काढली. देखावा म्हणून टिकला तो हा एकच. बाकीच्या फोटोंच्या काचा पुराच्या पाण्यात गेल्या. आणि घरी लावला तर खालच्या ओळीचं काय करू? ती खोटी म्हणून कापू, की खरी म्हणून ठेवू?

खुशालराव : खरी हाय. मी सोता पाह्यला इथून कळस. लहान होतो तवा. रोज पाहू.

मोरोपंत : हे तुम्ही वकिलांनाही सांगितलंत.

खुशालराव : सांगतलं ना. म्हनूनच तं मी खोटा.

मोरोपंत : कुठे उभे राहून पाहत होतात? पाऊल ठेवून दाखवा.

खुशालराव : इथंच. आमचं खळं तवा इथं होतं, आता हिरीपाशी नेलं. ज्वारी उफनाले बाबा वर चढे, मी खाली भुसा लोटू. बाबा उतरला का मी चढू, कळसाले हात जोडू, मंग...

मोरोपंत : थांबा. चढत कशावर होतात?

खुशालराव : तिपाईवर. उफनाच्या.

मोरोपंत : केवढी?

खुशालराव : पुरुषभर. आता... मास्तर, मी म्हनतो, हे मले काहून नाई सुचलं?

मोरोपंत : तुम्हाला कळस आठवत होता, पायाखालचं आठवत नव्हतं. आहे अजून ती तिपाई?

खुशालराव : तीच हाय. थे पाहा, माय चहा घेऊन येऊन राह्यली, तिलेच मागू. माय, हे अमरावतीचे मोरोपंत मास्तर. उफनाची तिपाई पायजे यायले, घडीभर.

मैनाबाई : कायले?

खुशालराव : फोटो काहाडाले.

मैनाबाई : नाई देत.

खुशालराव : माय, पाहुने हायेत.

मैनाबाई : तो बी पाहुनाच होता. असाच बामन, असाच काळा फडका डोक्यावर घे. तुया बापानं देल्ली तिपाई, मले न इचारता. त्यानं फयीले तीन भोकं पाडले. बावीस साल झाले, ज्वारी टाकली का दाने त्या भोकात जाऊन बसते.

मोरोपंत : फळीला तीन भोकं?

मैनाबाई : तीन. मी मोजले, त्यानं नाई.

मोरोपंत : ते माझे वडील होते, मैनाबाई.

मैनाबाई : ...बसा. चहा घ्या. मानुस वाईट नव्हता. जातानी मले आरसा देऊन गेला हातातला. पन भोकं तं पाडलेच.

मोरोपंत : त्यांच्याजवळ स्वतःचा स्टँड नव्हता का? हा, लाकडी?

मैनाबाई : होता. हाच असन. लावला, तं तिकडचं देऊळ दिसे नाई. मंग गाडीवर ठेवून पाह्यला. गाडी हाले. मंग खुशालचा बाप तिपाईवर उभा राहून उफनून राह्यला होता, वारा कसा सुटला होता, अन् तिपाई जागची हाले नाई. तो बामन कितीक वेळ नुस्ता तिपाईकडे पाहत बसला. उफननं पाहे नाई, पाय पाहे तिचे.

मोरोपंत : खुशालराव, तिपाई आणा. मैनाबाई, नवं भोक एकही पाडणार नाही. शब्द देतो.

मैनाबाई : चपटे गोटे बी आन रे तीन, पायाखाली द्याले. कोरडं वावर हाय, भेगा पडल्या. अन् दोर आन.

मोरोपंत : दोर कशाला?

मैनाबाई : मधात दगड टांगाले. खुशालचा बाप टांगे. वर मानुस हालला तरी खालून दगड वढून धरते.

खुशालराव : मास्तरचा तोललेला दगड हाय ना. थोच टांगू. अमरावतीहून आला बिचारा, काई कामी तं येईन.

मोरोपंत : सावकाश. इकडे ठेवा, फळी वर करून. ही नानांची पितळी तबकडी सोडवतो स्टँडवरून. तीन स्क्रू. आता फळीवर... पहिला बसला. दुसरा बसला.

खुशालराव : अन् तिसरा?

मोरोपंत : तिसरं भोक किड्यांनी मोठं केलंय. जागा बरोबर आहे, पण स्क्रू धरत नाही.

खुशालराव : दोन बसले म्हंजे झालं.

मोरोपंत : दोन बसले आणि तिसऱ्याची जागा जुळली. एवढंच म्हणता येतं. आठ वाजून बेचाळीस. लिहितो.

खुशालराव : एक सांगा, वहीच्या एवढ्या वेडाचा तुमचा बाप, त्यानं तिपाईचं काहून नाई लिवलं?

मोरोपंत : ही बघा त्यांची वही. प्लेट, भिंग, चार सेकंद, हवा स्वच्छ, बाभळीची सावली बांधावरच्या हद्दीच्या दगडाला लागलेली. स्टँडचा रकाना कोरा. दुसऱ्या कुठल्या पानावर तो कोरा नाही. मी समजत होतो, राहून गेला.

मैनाबाई : लाजला असन. एवढ्या दुरून सामान आनलं, अन् काम केलं माया तिपाईनं.

मोरोपंत : माहीत नाही. नाना लाजल्याचं मला आठवत नाही.

खुशालराव : सावली पाहा मास्तर, दगडापासून हातभर राह्यली. गाडी लावतो बाजूले, तुमी तिच्यावरून पाहा. गाडी हालली तं हालू द्या, कॅमेरा तं तिपाईवर हाय.

मोरोपंत : तुम्ही खाली उतरा मग. कॅमेरा द्या वर. भाता जपून. हं. आता फडकं.

खुशालराव : दिसते का?

मोरोपंत : काचेवर सगळं उलटं दिसतं, जरा दम धरा.

खुशालराव : उलटा तं उलटा, दिसते का?

मोरोपंत : दिसतो.

खुशालराव : माय, दिसते म्हनतात.

मैनाबाई : मले कायले सांगतं? मी कवा म्हटलं दिसत नाई?

मोरोपंत : टोक दिसतं. कळसाचं टोक, तेवढंच. नानांच्या चित्रात त्याच्याखालचा घट आहे, शिखराचे खांदेही आहेत. हे कमी आहे.

खुशालराव : मंग इटा लावू पायाखाली. हिरीपाशी ढीग हाय.

मोरोपंत : किती लावाल?

खुशालराव : जुळेपर्यंत.

मोरोपंत : जुळेपर्यंत लावल्या तर जुळणारच. मग ते मी जुळवलेलं होईल, नानांनी पाहिलेलं नाही. भगवंतराव पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि बरोबर विचारतील. सावली लागली दगडाला. आहे तशी एक प्लेट घेतो. सरका सगळे. एक, दोन, तीन, चार. नऊ वाजून चार.

मैनाबाई : पाय कापले तिचे.

मोरोपंत : काय म्हणालात?

मैनाबाई : तिपाईचे. बुडाले सडले, कापले. मंग अजून एकडाव सडले, अजून कापले.

मोरोपंत : किती कापले? कुणी कापले?

मैनाबाई : सुतारानं. तो मेला. किती कापले ते मी काय सांगू, मी टोपलं द्याले उभी राहू, कापाले नाई.

खुशालराव : आठव ना माय. हातभर? वीतभर?

मैनाबाई : आठवते ते सांगतो. हा खालचा आडवा दांडा हाय ना, पहिले तो माया गुडघ्याले लागे. टोपलं देतानी रोज लागे, काळा डाग पडला होता. आता पाहा, घोट्यापाशी आला.

मोरोपंत : रोज लागायचा? गुडघ्यालाच?

मैनाबाई : वाटीवर. इथं. माया गुडघा मले ठावूक नाई का?

मोरोपंत : उभ्या राहता जरा? टेप लावतो जमिनीपासून. सतरा इंच. आणि दांडा आता... चार. फरक तेरा इंच.

खुशालराव : मायचा गुडघा बी झिजला असन ना मास्तर, बावीस सालात. ते बी लिवा.

मैनाबाई : तुया झिजला असन, बसून बसून.

मोरोपंत : तेरा इंच. ही आठवण झाली, मोजमाप नाही. पण चित्र न पाहता सांगितलेली आहे. मैनाबाई, ते चित्र तुम्ही कधी पाहिलंत?

मैनाबाई : कोनं दाखोलं?

मोरोपंत : खुशालराव, विटा आणा. तेरा इंचांच्या. त्यापेक्षा एक सूतही जास्त नको, कमी नको. दगड पुन्हा बांधा.

खुशालराव : अन् तेरात नाई जुळलं तं?

मोरोपंत : तर नाही जुळलं असं लिहीन.

खुशालराव : अजब मानुस हाय तुमी. सोताच्या बापासाठी एक इट जास्त लावत नाई.

मोरोपंत : त्यांच्यासाठीच नाही लावत. धरा हा पाय. हं, पुढचा. आता तबकडी सरळ. सावली दगड ओलांडून गेलीय, तेही लिहावं लागेल. फडकं द्या.

खुशालराव : घट दिसला?

मोरोपंत : पहिल्यापेक्षा जास्त दिसतंय. तिकडे ऊन उजळलंय, कड नीट सुटत नाही. डोळ्याचं मी धरणार नाही. काच धुतल्यावर जुन्या चित्राशेजारी ठेवून परकारानं मोजीन. सरका. एक, दोन, तीन, चार. नऊ वाजून सव्वीस.

खुशालराव : आता?

मोरोपंत : आता दोन प्लेटा डब्यात आहेत, धुतलेल्या नाहीत. रात्री अमरावतीला धुवीन. रविवारी चारला दोन्ही समितीपुढे ठेवीन, आणि ही पितळी तबकडी. तिपाई दिलीत तर तीही नेतो, भोकं दाखवायला.

मैनाबाई : तिपाई नाई. सोमवारी ज्वारी उफनाची हाय.

मोरोपंत : रविवारी रात्री परत पोचवीन.

मैनाबाई : तुमच्या वकिलाले इथं पाठवा. म्हना, हुरडा संपला, भोकं हायेत.

खुशालराव : मी आनतो त्याइले. मले खोटं म्हनाले, तं चढवतोच तिपाईवर. बापाच्या वहीतला तो कोरा रकाना तं भरा मास्तर, लगे हात.

मोरोपंत : नानांच्या पानावर मी लिहिणार नाही. माझ्या पानावर लिहितो. डोकं : वडिलांचं, पितळी. स्टँड : मैनाबाईंची उफणायची तिपाई. उंची : पहिली प्लेट, टेपनं मोजून, पाच फूट आठ इंच. दुसरी प्लेट...

मैनाबाई : दुसरीले माया गुडघा लिवजा.