एकतीस नंबरची टाकी

भाची : ...चारही टाक्या नेमक्या एका ओळीत, हीच तर बोंब आहे. ओव्हर.

आत्या : ते ओव्हर-ओव्हर बंद कर आधी. आत्याशी बोलतेयस, विमानाशी नाही.

भाची : बरं. कुठे पोचलीस?

आत्या : एकोणिसाव्या टाकीपाशी. जीप रुसली, पायीच निघालेय. तुझे सर काय म्हणतात?

भाची : तीनला बैठक. आभाळातून पडणाऱ्या कणांचा एवढा मोठा सडा आपल्या टाक्यांनी अकरा वर्षांत टिपला नव्हता. पण सरळ ओळीवरून कळत नाही, तो डावीकडून आला की उजवीकडून. दिशाच नाही तर उगम कुठे शोधायचा? यादीतून काढून टाकतील. मी शोधलेला पहिला सडा, आत्या!

आत्या : आणि ओळीबाहेरची एकतीस झोपली होती का?

भाची : ती ‘दुरुस्तीत’ आहे. संगणकाने तिला विचारलंच नाही.

आत्या : अगं देवा!

भाची : काय झालं?

आत्या : दुरुस्ती सडा पडला त्या दिवशी सकाळीच झालेली गं. झाकणावरची लाल पट्टीसुद्धा काढली मी.

भाची : मग कंट्रोल रूमला कळवलं का नाहीस?

आत्या : कळवणारच होते. तेवढ्यात तुझा फोन. ‘आत्या, माझा प्रबंध पास!’ मी टाकीवर चढून नाचले. झाकण चेपलंय अजून. त्या नादात राहिलं बघ.

भाची : म्हणजे माझ्यामुळे!

आत्या : तर काय! पण रडू नकोस. टाकीतला डबा दहा दिवसांचं सगळं धरून ठेवतो. आज कितवा?

भाची : दहावा. पावणेतीनच्या आत पुसलं जाईल. आत्या, पळ!

आत्या : अठ्ठावन्नाव्या वर्षी पळवतेय मेली.

(खरखर. बराच वेळ नुसती धाप.)

आत्या : उघडला डबा. सड्याची वेळ सांग.

भाची : दोन त्रेचाळीस, आठ सेकंद.

आत्या : थांब, चष्मा... आहे! ठमे, आहे! रेघ पार पडद्याबाहेर गेलीय!

भाची : आधी उतरवून घे!

आत्या : घेतलं गं. बारा वर्षं टाक्या सांभाळतेय, मला शिकवू नकोस.

भाची : सेकंदापुढचे आकडे वाच. सावकाश.

आत्या : शून्य, चार, चार, एक, सात, नऊ.

भाची : थांब, बाकीच्या टाक्यांशी ताडून बघते.

आत्या : अगं, लवकर सांग!

भाची : बाकी चौघींच्या आधी! तुझ्या बाजूने आला, आत्या. दिशा मिळाली!

आत्या : येणारच. माझी लाडकी टाकी आहे ती.

भाची : कसला आवाज येतोय?

आत्या : काही नाही. झाकण.

सर : बाई, मी बोलतोय.

आत्या : अग्गोबाई, सर! चूक माझीच हो, कळवायचं राहिलं...

सर : ऐकलं सगळं. बैठक थांबवलीय.

आत्या : माझ्यासाठी? अहो, हात ग्रीसने काळे झालेत, साडीला चिखल...

सर : तशाच या. सावकाश.